टक्क्याची खूण आणि अर्धविराम



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलेन अशी त्यांची कल्पना असावी. मी ज्या वस्तूचा इतिहास आज सांगणार आहे ती फार लहान आहे. दोन छापील चिन्हांएवढी. आपण मराठी विकिपीडियावरील एखाद्या लेखाचा पत्ता उचलून व्हॉट्सॲपवर दुसऱ्याला धाडता, तेव्हा स्वच्छ देवनागरी नावाच्या जागी टक्क्यांच्या खुणांची लांबच लांब माळ उमटलेली आपण पाहिली असेल. ती माळ कोठून आली, ती कोणी ठरविली, आणि ती ठरविण्याच्या काळात एक वाक्य ढिले राहून गेल्यामुळे माझ्या ओळखीच्या एका बाईचे काय नुकसान झाले, एवढेच मला सांगावयाचे आहे. मी शाळा नववीत सोडली. संगणकाचे रीतसर शिक्षण मला नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, शब्दकोश जवळ ठेवून वाचले. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

सतराव्या वर्षी मी एका छापखान्यात जुळारी म्हणून लागलो. खिळे जुळविण्याचे ते अखेरचे दिवस होते. पहिल्याच महिन्यात एका संस्थेचा वार्षिक अहवाल माझ्या हाती आला. मुद्रितशोधकाने समासात लिहिले होते, ‘येथे नवा परिच्छेद’. मी ते शब्द इमानेइतबारे मजकुरात जुळविले. अहवाल छापून झाला, वाटला गेला, आणि अध्यक्षांच्या भाषणाच्या मधोमध ‘येथे नवा परिच्छेद’ हे शब्द साऱ्या गावाने वाचले. फोरमन माझ्यावर उखडले. म्हणाले, “अरे, सूचना कोणती आणि मजकूर कोणता, एवढेही तुला कळत नाही?” मी म्हटले, “साहेब, दोन्ही एकाच शाईने, एकाच हाताने लिहिलेले. कळावे कसे?” ते जरा थांबले. त्या दिवसापासून आमच्या छापखान्यात नियम झाला की सूचना वर्तुळात लिहावी, आणि वर्तुळातले कोणी जुळवू नये. पुढे भूमितीचे एक पुस्तक आले तेव्हा नवाच पेच पडला, कारण त्यात छापावयाचीच वर्तुळे होती. मग त्या वर्तुळाशेजारी दुसरे वर्तुळ काढून आत ‘हे छापा’ असे लिहू लागलो.

आज मी जे सांगणार आहे त्याचे सारे मर्म ह्या हकिगतीत आहे. जेथे हुकूम आणि माल एकाच अक्षरांनी लिहिले जातात, तेथे दोहोंत भेद करणारी एखादी खूण लागते. आणि ती खूणच मालात आली तर काय करावयाचे, ह्याचाही नियम आधी करून ठेवावा लागतो. आपली जुनी व्यवहारी माणसे हे ओळखून होती. पावतीवर आपण ‘अक्षरी रुपये पाचशे मात्र’ असे लिहितो. त्या ‘मात्र’ला स्वतःची रक्कम नाही, रक्कम येथे संपली, पुढे कोणी काही जोडू नये, एवढे सांगण्यासाठी तो शब्द उभा असतो. हुंडीत तर रकमेची निम्मी आणि त्या निम्मीची दुप्पटही लिहीत, म्हणजे वाटेत कोणी आकडा वाढविला तर तो उघडा पडावा.

तारायंत्र आले तेव्हा हा पेच अधिक अवघड झाला, कारण तारेला समास नसतो. वर्तुळ काढावे तर कोठे? फ्रान्सच्या तार खात्यातील एमिल बोदो ह्यांनी १८७४ साली आपल्या तारायंत्राचे पेटंट घेतले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक अक्षरासाठी पाच खुणा होत्या. पाच खुणांचे बत्तीसच मेळ होतात. त्यात अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे बसावीत कशी? बोदो ह्यांनी दोन मेळ राखून ठेवले. एकाचा अर्थ ‘ह्यापुढे आकडे समजा’, दुसऱ्याचा ‘ह्यापुढे अक्षरे समजा’. हे दोन मेळ छापले जात नसत. ते वाचणाऱ्याला सूचना देत. युक्ती सुंदर होती, पण तारेवरच्या गडबडीत ती एक सूचना हरवली तर पुढची सारी अक्षरे आकडे होऊन उमटत.

अमेरिकेत १९६३ साली संगणकांसाठी आस्की नावाची वर्णमाला प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात १२८ जागा होत्या आणि त्यांपैकी कित्येक जागा अशा की ज्यांना रूप नाही. त्या केवळ यंत्राला हुकूम देण्यासाठी. त्यांतली एक जागा ‘एस्केप’ म्हणजे सुटकेच्या खुणेची. रॉबर्ट बेमर ह्यांनी ती सुचविली होती. तिचा अर्थ असा की ह्यापुढे जे येईल ते नेहमीच्या अर्थाने घेऊ नका. संगणकाच्या कळफलकावर कोपऱ्यात ‘ईएससी’ अशी जी कळ आपण पाहता, तिचे मूळ हेच. आमची बाराखडी आणि संगणकाची वर्णमाला ह्यांत हा मोठाच फरक आहे: संगणकाच्या वर्णमालेत अक्षरांच्या रांगेत हुकूमही बसलेले असतात.

आता महाजालाकडे वळू. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली ह्यांनी मार्च १९८९ मध्ये आपली योजना वरिष्ठांपुढे ठेवली आणि १९९० अखेर ती चालवून दाखविली. जगातल्या कोणत्याही संगणकावरील कोणत्याही कागदाला एका ओळीचा पत्ता असावा, हा तिचा एक पाया होता. त्या पत्त्यात विरामचिन्हे कामगार असतात. अपूर्णविराम आणि दोन तिरप्या रेघा सांगतात की येथून यंत्राचे नाव सुरू झाले. पुढची एकेक तिरपी रेघ एकेक दालन उघडते. प्रश्नचिन्ह सांगते की आता विचारणा आली. बरोबरीचे चिन्ह नाव आणि मूल्य जोडते, ‘&’ ही खूण दोन जोड्या वेगळ्या करते, आणि ‘#’ ही खूण पानातली जागा दाखविते. ही कामाला लावलेली चिन्हे मजकुरात आली म्हणजे घोटाळा. पेढीचे नावच ‘आर & सन्स’ असेल तर यंत्र तेथे दोन तुकडे करील.

डिसेंबर १९९४ मध्ये बर्नर्स-ली, लॅरी मॅसिंटर आणि मार्क मॅकाहिल ह्यांच्या नावे ह्या पत्त्यांचा नियम प्रसिद्ध झाला. महाजालाच्या नियमांना ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे मते मागविणारे टिपण, असे विनयशील नाव १९६९ पासून चालत आले आहे. हे टिपण १७३८ व्या क्रमांकाचे. त्यात चिन्हांची वाटणी केली आहे. काही चिन्हे निर्धोक, ती आहेत तशी लिहावीत. काही राखीव, ती नेमून दिलेल्या कामावर असतील तेव्हाच उघडी लिहावीत. काही धोक्याची. मोकळी जागा धोक्याची का, ह्याचे तेथे दिलेले कारण वाचून मला गंमत वाटली. पत्ता उतरवून घेताना किंवा छापण्यासाठी जुळविताना हवी ती जागा नाहीशी होते आणि नको ती जागा येऊन बसते, म्हणून. आमच्या धंद्याचा दोष त्या पंडितांनी बरोबर हेरला होता.

धोक्याचे वा राखीव चिन्ह मजकूर म्हणून लिहावयाचे असेल तर त्याच्या जागी टक्क्याची खूण लिहावी आणि पुढे त्या चिन्हाचा क्रमांक दोन अंकांत द्यावा, असा नियम ठरला. हे अंक दहाच्या पटीचे नव्हेत, सोळाच्या पटीचे आहेत; शून्य ते नऊ आणि पुढे ए पासून एफ पर्यंतची सहा अक्षरे, असे सोळा अंक. दोन अंकांत अशा रीतीने २५६ क्रमांक मावतात. मोकळ्या जागेचा क्रमांक बत्तीस, म्हणजे दोन वेळा सोळा, म्हणून ती ‘%२०’ होते. अर्धविराम ‘%३बी’ होतो. आणि टक्क्याची खूणच मजकुरात आली तर? तीही ‘%२५’ अशी लिहावयाची. आमच्या छापखान्यातील वर्तुळाशेजारचे दुसरे वर्तुळ ते हेच.

नियम चोख होता. पण त्याच वर्षी, त्याच महाजालावर, दुसऱ्या एका ठिकाणी दुसरी एक वस्तू जन्मास येत होती, आणि तिचा नियम इतका चोख नव्हता.

ती वस्तू म्हणजे कुकी. महाजालावरचा सर्व्हर, म्हणजे पाने पुरविणारे यंत्र, स्वभावतः विसराळू आहे. आपण एक पान मागितले, त्याने दिले, की आपली ओळख संपली. दुसरे पान मागावयास गेलो की पुन्हा आपण अनोळखी. दुकानात एक वस्तू निवडून दुसरी बघावयास गेलो की पहिली विसरलेली, अशा दुकानात व्यापार कसा चालावा? नेटस्केप कंपनीतील लू माँटुली ह्यांनी १९९४ साली ह्यावर तोड काढली. सर्व्हरने ब्राउझरजवळ एक लहानशी चिठ्ठी द्यावी, ब्राउझरने ती जपून ठेवावी आणि पुढच्या प्रत्येक भेटीत दाखवावी. गिरणीत कामगाराला बिल्ला मिळे. दारावर बिल्ला दाखविला की तो कोणत्या खात्याचा, कोणत्या पाळीचा हे कळे. कुकी हा तसाच बिल्ला. यंत्रांनी आपापसांत द्यावयाच्या अशा खुणेच्या चिठ्ठीला संगणकवाले आधीपासूनच ‘मॅजिक कुकी’ म्हणत, त्यावरून हे नाव आले. ऑक्टोबर १९९४ मध्ये नेटस्केपचा ब्राउझर लोकांच्या हाती आला तेव्हा बिल्ला ठेवण्याची सोय त्यात होती. लोकांना मात्र तिचा पत्ता नव्हता. १९९६ च्या फेब्रुवारीत ‘फायनान्शियल टाइम्स’ने लिहिले तेव्हा कोठे बोभाटा झाला.

ह्या बिल्ल्याचा नियम नेटस्केपने एका छोट्या टिपणात मांडला. चिठ्ठीत आधी नाव, मग बरोबरीचे चिन्ह, मग मूल्य. त्यानंतर अर्धविराम, आणि अर्धविरामानंतर चिठ्ठीची कलमे: मुदत केव्हा संपते, कोणत्या दालनापुरती चालते, इत्यादी. एक चिठ्ठी चार किलोबाइटची, एका सर्व्हरच्या वीस, सगळ्या मिळून तीनशे, अशी मर्यादाही होती. अर्धविराम येथे ‘मात्र’चे काम करतो: मूल्य संपले. म्हणून मूल्यामध्ये अर्धविराम, स्वल्पविराम आणि मोकळी जागा येऊ नये असे टिपणात म्हटले. आणि यावयाचीच असतील तर? त्या ठिकाणी टिपण सांगते की पत्त्यांच्या धर्तीची टक्क्याची सांकेतिक पद्धत वापरण्याची शिफारस आहे, परंतु कोणतीही पद्धत ठरविलेली नाही आणि कोणतीही आवश्यक नाही.

हे वाचले तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. बंधुभगिनींनो, तीस वर्षे मी करारांचे मसुदे वाचत आलो आहे. ‘व्यवस्थापनाने गमबूट पुरवावेत अशी शिफारस आहे, बंधन नाही’ ह्या वाक्याचा अर्थ काय होतो हे मला सांगावे लागत नाही. पावसाळ्यात पाय भिजतात.

आता कोणी विचारील की बिल्ल्यात महाजालाचा पत्ता लिहावयाचे कारण काय? कारण रोजचे आहे. आपण एखाद्या आतल्या पानाकडे निघतो. दारावर अडवितात: आधी नाव आणि परवलीचा शब्द द्या. तेवढ्या वेळात आपण कोठे निघालो होतो हे कोणीतरी लक्षात ठेवावयास हवे, नाहीतर दाराआत गेल्यावर आपण अंगणातच उभे. म्हणून सर्व्हर तो पत्ता बिल्ल्यावर लिहून ठेवतो, आणि ओळख पटली की बिल्ला वाचून आपल्याला तेथे पोचवितो. म्हणजे ज्या ओळीत विरामचिन्हे कामाला लावलेली आहेत अशी एक ओळ, ज्या दुसऱ्या ओळीत तीच विरामचिन्हे वेगळ्या कामाला लावलेली आहेत, तिच्या पोटात ठेवावयाची. पत्त्यात अर्धविराम वर्ज्य नाही. उलट १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ ह्या नियमपुस्तकाने सर्व्हर लिहिणारांना शिफारस केली होती की ‘&’ च्या जागी अर्धविरामही चालू द्यावा, कारण ‘&’ ला पानांच्या भाषेत दुसराच अर्थ आहे. एका घराने ज्याला कामावर ठेवले, त्यालाच शेजारच्या घराने मज्जाव केलेला होता.

आमच्या युनियनची सभासद असलेली एक सफाई कामगार बाई आहे. आम्ही सारे तिला मावशी म्हणतो. कंत्राटदाराने तिचे चार महिन्यांचे वेतन थकविले होते. एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर आम्ही तिची तक्रार दाखल केली. काही दिवसांनी तिच्या मोबाइलवर निरोप आला की पंधरा दिवसांत हजेरीपत्रकाची प्रत जोडा, आणि खाली पत्ता. मावशीने मुलाकडून तो पत्ता उघडून घेतला. संकेतस्थळाने दारावर ओळख विचारली, ती दिली. पान उघडले. हजेरीपत्रक जोडले. क्रमांकही मिळाला. मावशीने तो वहीत लिहून ठेवला आणि निर्धास्त झाली. दोन महिन्यांनी चौकशीस गेलो तेव्हा कळले की मूळ तक्रार ‘कागदपत्रे न आल्यामुळे’ बंद झाली आहे, आणि मावशीने जोडलेली प्रत कोऱ्या नव्या तक्रारीखाली पडून आहे. कार्यालयातले बाबू म्हणाले, “बाईंनी चुकीच्या पानावर भरले.” मावशी मला म्हणाली, “भाऊ, मी तर त्यांनीच धाडलेल्या वाटेनं गेले.”

आमच्या चिटणिसांची मुलगी अभियांत्रिकीला आहे. तिने तोच पत्ता कचेरीच्या संगणकावर उघडला आणि ब्राउझरने जपलेल्या चिठ्ठ्या काढून दाखविल्या. म्हणाली, “काका, हे बघा. निरोपात पत्ता होता ‘तक्रार?विभाग=वेतन;क्रमांक=४१७’. चिठ्ठीत उरलाय ‘तक्रार?विभाग=वेतन’ एवढाच.”

“मग क्रमांक कोणी खाल्ला?”

“अर्धविरामानं.”

तिने समजावून सांगितले ते असे. ब्राउझरने अर्धविराम पाहिला आणि मूल्य संपले असे धरले. पुढचे ‘क्रमांक=४१७’ हे चिठ्ठीचे एखादे कलम असावे असे त्याला वाटले. असे कलम त्याच्या माहितीत नव्हते, आणि माहीत नसलेले कलम गुपचूप सोडून द्यावे असा त्याचा शिरस्ता आहे. त्याने ना कोणाला हाक मारली, ना लाल अक्षरांत काही लिहिले. मुद्दाम कोणी काही केले नव्हते. तरी चार महिन्यांचे वेतन अडकले.

तेव्हा मी विचारले की टक्क्याची पद्धत त्या कार्यालयाच्या कारागिराला ठाऊक नव्हती काय? ती म्हणाली, ठाऊक असावी. पण त्याने चुकीचे अवजार उचलले असावे. येथे थोडा इतिहास पुन्हा लागतो. ब्रेंडन आइक ह्यांनी १९९५ साली नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा रचली. तिच्यात प्रथम ‘एस्केप’ नावाचे एक अवजार होते. ते अपुरे ठरले म्हणून १९९९ च्या डिसेंबरात त्या भाषेच्या तिसऱ्या प्रमाण आवृत्तीत दोन नवी अवजारे आली. एक ‘एनकोडयूआरआय’, संपूर्ण पत्त्यासाठी; ते अर्धविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, ‘&’ ही कामावरची चिन्हे जशीच्या तशी सोडते, कारण ती झाकली तर पत्ता चालणार नाही. दुसरे ‘एनकोडयूआरआयकंपोनंट’, पत्त्याच्या एका तुकड्यासाठी. ते ही सारी चिन्हे झाकून टाकते. कारागीर विचार करतो की माझ्याजवळ संपूर्ण पत्ता आहे, तेव्हा पहिले अवजार घ्यावे. ते नाव वाचून कोणीही असेच म्हणेल. परंतु चिठ्ठीत ठेवताना त्या पत्त्याचा मालक बदलतो. तो चिठ्ठीच्या पोटातला निव्वळ माल होतो, आणि त्याची एकूण एक चिन्हे झाकावयास हवीत. दुसरे अवजार घेतले असते तर अर्धविराम ‘%३बी’ होऊन सुखरूप पोचला असता.

झाकण्याइतकेच उघडण्याचेही शास्त्र आहे. जितक्या वेळा झाकले तितक्याच वेळा उघडावे, कमी नाही आणि जास्तही नाही. पत्त्यात आधीच ‘%२०’ असेल आणि तो पत्ता चिठ्ठीसाठी झाकला, तर टक्क्याची खूण ‘%२५’ होऊन ‘%२५२०’ असे दिसते. ते बरोबर आहे. एकदा उघडले की मूळचा ‘%२०’ हाती येतो. पण काही सर्व्हर-भाषा चिठ्ठी लिहिताना आपण होऊन झाकतात; पीएचपीमधील ‘सेटकुकी’ तसे करते. कारागिराने आधी हाताने झाकले असेल तर पत्ता दोनदा झाकला जातो, आणि एकदाच उघडला की टक्के उरतात. अधिकाची खूण ही आणखी एक खोड. महाजालावरील अर्ज पाठविताना मोकळी जागा ‘+’ अशी लिहिण्याची चाल जुनी आहे, तर पत्त्याच्या नियमात ती ‘%२०’. जावास्क्रिप्टचे ‘एनकोडयूआरआय’ हे अवजार अधिकाच्या खुणेला हात लावत नाही, अर्ज वाचणारे अवजार तिची मोकळी जागा करते. ‘+९१’ ने सुरू होणारा दूरध्वनी क्रमांक असा वाटेत खूण गमावून बसतो.

जास्त वेळा उघडण्याचा धोका साऱ्या जगाने एकदा पाहिला आहे. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस ह्या सर्व्हरमध्ये दोष होता की पत्ता एकदा उघडून त्यात वर्ज्य काही नाही ना हे तपासले जाई, आणि तपासणीनंतर तो पुन्हा एकदा उघडला जाई. दोनदा झाकलेली तिरपी रेघ पहारेकऱ्यापुढून निर्दोष दिसत आत जाई, आणि आत गेल्यावर आपले खरे रूप घेऊन बंद दालनांचे दार उघडी. कंपनीने मे २००१ मध्ये दुरुस्ती दिली. ज्यांनी ती बसविली नव्हती त्यांच्या यंत्रांत १८ सप्टेंबर २००१ रोजी पसरू लागलेला ‘निमडा’ हा उपद्रवी कार्यक्रम ज्या वाटांनी शिरला, त्यांत ही एक वाट होती.

आता आपल्या भाषेची गोष्ट. टक्क्याची पद्धत २५६ क्रमांकांची, आणि देवनागरी त्यात नाही. भारताने संगणकातील आपल्या लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण केले. त्याच्या १९८८ च्या मांडणीवरून युनिकोडने १९९१ साली देवनागरीला स्वतंत्र जागा दिल्या. ह्या मोठ्या क्रमांकांना लहान तुकड्यांत बसविण्याची ‘यूटीएफ-८’ ही रीत केन टॉम्पसन आणि रॉब पाइक ह्यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये काढली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक तुकडा लागतो, देवनागरीला तीन. प्रत्येक तुकडा टक्क्याने झाकला की त्याची तीन चिन्हे होतात. म्हणून एकटा ‘म’ हा ‘%ई०%ए४%एई’ होतो: एकाची नऊ. काना-मात्रा-अनुस्वार ह्यांचीही वेगळी मोजणी. ‘कामगार’ ह्या शब्दात चार अक्षरे आणि दोन काने मिळून सहा जागा. झाकल्यावर ५४ चिन्हे. त्याच अर्थाचा इंग्रजी ‘वर्कर’ रोमन सहा अक्षरांत लिहिला तर सहाच राहतो. ४०९६ तुकड्यांच्या चिठ्ठीत नाव वगैरे सोडून देऊनही मराठीच्या साडेचारशेच जागा मावतात. मर्यादा ओलांडली तर बहुतेक ब्राउझर ती चिठ्ठी मुळीच ठेवत नाहीत, आणि तेही न बोलता. त्याआधीचे ‘एस्केप’ हे अवजार देवनागरीसाठी टक्क्याच्या पुढे ‘यू’ आणि चार अंक लिही. त्यात जागा कमी लागे, पण ती रीत पत्त्याच्या नियमात कधीच नव्हती. नवे उघडणारे अवजार ती पाहून काम थांबविते. कित्येक कारागीर ह्या साऱ्याला कंटाळून मराठी नावे रोमन लिपीत लिहून मोकळे होतात. त्यांना मी दोष देत नाही. पण नियम ज्या लिपीत बसून लिहिले गेले त्या लिपीला ते स्वस्त पडले, एवढे नोंदवून ठेवतो.

नियम सुधारण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. फेब्रुवारी १९९७ मध्ये डेव्हिड क्रिस्टल आणि माँटुली ह्यांनी कुकीचे पहिले रीतसर प्रमाण लिहिले, आणि ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचेच दुसरे आले. दोन्ही व्यवहारात रुजली नाहीत; ब्राउझर नेटस्केपच्या टिपणाप्रमाणेच चालत राहिले. अखेर एप्रिल २०११ मध्ये ॲडम बार्थ ह्यांनी प्रत्यक्षात काय चालते तेच पाहून ६२६५ व्या क्रमांकाचे टिपण लिहिले. त्यात सर्व्हरने कोणती चिन्हे लिहू नयेत ह्याची यादी कडक आहे: मोकळी जागा, दुहेरी अवतरण, स्वल्पविराम, अर्धविराम, उलटी तिरपी रेघ. परंतु वाटेल तो मजकूर ठेवावयाचा झाल्यास त्याचे सांकेतिक रूप करावे, उदाहरणार्थ बेस-६४ पद्धतीने, हे वाक्य सल्ल्याच्याच सुरात आहे. कारण उघड आहे. लक्षावधी संकेतस्थळे आपापल्या रीतीने चिठ्ठ्या लिहून बसली होती. एक रीत सक्तीची केली असती तर बाकीच्यांची चाके थांबली असती. सुरुवातीला न घातलेले बंधन नंतर घालणे किती जड जाते हे आम्ही कारखान्यांतून पाहिले आहे.

मग आज करावयाचे काय? वर जे पाहिले त्यातून निघणारे नियम थोडे आहेत आणि प्रत्येक संकेतस्थळाचा कारागीर ते पाळू शकतो. पत्ता चिठ्ठीत ठेवताना तुकड्याचे अवजार वापरून तो सगळा झाकावा. झाकणारा कोण आणि उघडणारा कोण हे लिहून ठेवावे, आणि एकदाच झाकून एकदाच उघडावे. उघडल्यावर तो पत्ता आपल्याच घरचा आहे ना हे तपासावे, कारण बिल्ल्यावर परक्याने दुसराच पत्ता लिहिला तर आपण पाहुण्याला चोराच्या दारी सोडू. आणि चाचणी घेताना ‘अबक’ असा मजकूर घालून समाधान मानू नये. अर्धविराम, टक्का, अधिक, मोकळी जागा आणि मराठी जोडाक्षर ह्यांनी भरलेला पत्ता घालून पाहावा.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली आम्ही अनेक करार केले. त्या प्रत्येक करारात आम्ही एक शब्द अखेरपर्यंत लढवीत असू: ‘बंधनकारक’. मालक म्हणत, आमच्यावर विश्वास नाही का? विश्वासाचा प्रश्नच नसे. शिफारस पाळणारा माणूस उद्या नोकरी सोडून जातो, नवा येतो, आणि त्याला शिफारस कोणी सांगितलेली नसते. १९९४ च्या त्या टिपणात एक पद्धत ठरवून ‘आवश्यक’ हा शब्द घातला असता तर तो पाळणारी यंत्रे त्या वेळी थोडीच होती. काम सोपे होते. ते राहून गेले, आणि त्याची किंमत ज्यांनी टिपण लिहिले त्यांना पडली नाही, ज्यांनी ते वाचावयास हवे होते त्यांनाही फारशी पडली नाही. ती ज्यांना टिपण असल्याचेच ठाऊक नाही त्यांच्याकडून वसूल होते.

मावशीची तक्रार पुन्हा उघडून घेण्यास आणखी पाच महिने गेले. तिसऱ्या अर्जासोबत आम्ही त्या मुलीने काढलेली चिठ्ठीची प्रत जोडली आणि तुटलेल्या जागेभोवती मी शाईने वर्तुळ काढले. ह्या खेपेस साहेबांनी वर्तुळ पाहिले, बाबूंना बोलाविले आणि मूळ तक्रार उघडावयास सांगितले. वेतन मिळाले. मावशीने वहीतला जुना क्रमांक खोडला नाही. त्याच्याखाली नवा लिहिला आणि पुढे ‘मिळाले’ असे लिहून ठेवले.